आहेर की उसनवारी?

२०२३ च्या जूनमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने एक शोध-वृत्तान्त प्रसिद्ध केला. श्रीमंत देशांनी गरीब देशांना हवामान बदलाशी तोंड देण्यासाठी दिलेला पैसा गेला कुठे, एवढाच प्रश्न वार्ताहरांनी विचारला होता. उत्तरे चक्रावून टाकणारी निघाली. आशियात चॉकलेट आणि आइस्क्रीमची दुकाने थाटणाऱ्या एका कंपनीला इटलीने पैसा पुरवला, तो हवामान-निधीत धरला गेला होता. अर्जेंटिनाच्या जंगलात घडणाऱ्या एका प्रेमकथेच्या चित्रपटाला बेल्जियमने मदत केली, तीही त्यात होती. बांगलादेशात मातारबाडीला कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभारायला जपानने दिलेले कर्ज त्यात होते आणि इजिप्तमधल्या विमानतळाच्या विस्ताराचेही होते. हैतीच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या विस्तारासाठी अमेरिकेने कर्ज देऊ केले, त्याचे समर्थन तर ऐकण्यासारखे होते : इमारतीत वादळापासून बचावाची आणि पावसाचे पाणी वाहून नेण्याची सोय आहे, म्हणून हा खर्च हवामानाचा.

यातल्या एकाही देशाने नियम मोडलेला नव्हता, कारण नियमच नव्हता. हवामान-निधी कशाला म्हणायचे हे ज्याने त्याने स्वतः ठरवायचे, स्वतःच मोजायचे आणि स्वतःच कळवायचे, अशी ही व्यवस्था.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. ती घेणाऱ्याच्या घरची असते. कोणी काय दिले ते घेणारा लिहितो, आणि पुढे तेवढे परत करण्याची आठवणही तोच ठेवतो. आंतरराष्ट्रीय हवामान-निधीत वही देणाऱ्याच्या हातात आहे. त्याने हजार रुपये उसने दिले तरी तो आहेर म्हणून लिहितो, आणि ते व्याजासह परत आले तरी खोडत नाही. या प्रकरणात आपण ती वही थोडी चाळणार आहोत, पण सगळी नाही. तिचे एकच खाते पाहायचे आहे, आणि ते सगळ्यांत दुबळे आहे : अनुकूलनाचे.

हवामान बदलावरचा खर्च ढोबळमानाने दोन प्रकारचा. पहिला धूर कमी करण्याचा : सौरऊर्जा, पवनचक्क्या, विजेवर चालणाऱ्या बस. दुसरा, जे आता टळणार नाही त्याला तोंड देण्याचा. समुद्रकाठी बांध घालणे, वादळाची सूचना वेळेवर पोहोचवणे, कमी पावसात तग धरणारे वाण तयार करणे, शहरातले नाले रुंद करणे, उष्णतेच्या लाटेत दवाखाने चालू राहतील असे पाहणे. हा दुसरा खर्च म्हणजे अनुकूलन. या दोन्हींत एक मोठा व्यावहारिक फरक आहे. सौर प्रकल्पातून वीज विकली जाते, पैसा फिरून येतो, म्हणून बँका आणि खाजगी कंपन्या तिथे रांग लावतात. बांध कोणाला बिल पाठवत नाही. त्याने वाचवलेली भातशेती, न बुडालेली शाळा, न मेलेली माणसे यांतून गुंतवणूकदाराला परतावा मिळत नाही. त्यामुळे अनुकूलनाचा पैसा मुख्यतः सरकारी तिजोऱ्यांतूनच यावा लागतो. आणि दुसऱ्या देशाच्या सरकारी तिजोरीतून तो यावा यामागे दया नाही, करार आहे.

तो करार १९९२ चा, रिओ दि जानेरोच्या वसुंधरा परिषदेतला. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक करारातील चौथ्या कलमाच्या चौथ्या उपकलमात असे म्हटले आहे, की हवामान बदलाची झळ ज्यांना विशेष लागणार आहे अशा विकसनशील देशांना अनुकूलनाच्या खर्चासाठी विकसित देश साहाय्य करतील. ‘करू शकतील’ किंवा ‘करण्याचा प्रयत्न करतील’ असे नाही. यामागचा हिशेब उघड होता. वातावरणात साचलेला कार्बन बहुतांशी ज्यांच्या कारखान्यांतून आला, त्यांनी त्याच्या परिणामांचा खर्च उचलावा. मात्र किती, कधी आणि कोणत्या रूपात, याबद्दल उपकलम गप्प राहिले. पुढची तीस वर्षे त्या गप्प राहण्याची आहेत.

पहिल्या दशकात तर अनुकूलन हा विषयच नकोसा होता. जुळवून घेण्याची भाषा म्हणजे पराभव मान्य करणे, असे अनेक पर्यावरणवाद्यांना वाटे. त्याने उत्सर्जन कमी करण्याचा दबाव ओसरेल अशी त्यांना भीती होती. त्या भीतीत तथ्य नव्हते असे नाही. पण ज्यांच्या अंगणात समुद्र येत होता त्या बेटांना आणि ज्यांचा पाऊस बिघडला होता त्या आफ्रिकी देशांना या तात्त्विक चर्चेची चैन परवडणारी नव्हती. त्यांनी रेटा लावला आणि २००१ साली मोरोक्कोतील माराकेश येथे तीन निधी जन्माला आले. त्यांतले दोन दात्यांच्या मर्जीवर चालणारे होते. तिसरा, अनुकूलन निधी, वेगळा निघाला आणि त्याची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे.

उत्सर्जन कमी करण्याच्या क्योटो कराराखाली अशी सोय होती, की विकसनशील देशात कोणी पवनचक्की किंवा तत्सम प्रकल्प उभारला, तर वाचलेल्या प्रत्येक टन कार्बनमागे त्याला एक दाखला मिळे. तो दाखला युरोपातल्या कंपन्या विकत घेत. भारत या बाजारातला चीननंतरचा मोठा विक्रेता. साताऱ्याच्या आणि धुळ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्यांनीही असे दाखले मिळवले. या दाखल्यांतले दोन टक्के कापून घ्यायचे, ते विकायचे आणि तो पैसा अनुकूलन निधीत टाकायचा, असे ठरले. म्हणजे हा पैसा कोणा देशाच्या अर्थसंकल्पातून येत नव्हता, म्हणून कोणा संसदेला तो अडवताही येत नव्हता. निधीच्या सोळा जणांच्या मंडळात बहुमत विकसनशील देशांचे होते. आणि आणखी एक पाऊल त्यांनी टाकले : जागतिक बँक किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या मध्यस्थीशिवाय एखाद्या देशाची स्वतःची संस्था थेट पैसा घेऊ शकेल, अशी वाट उघडली. २०१० साली या वाटेने पहिला गेला सेनेगल. डाकारच्या पर्यावरण-निरीक्षण केंद्राला सुमारे ८६ लाख डॉलर मिळाले. रुफिस्क, साली आणि जोआल या तीन किनारी गावांत कामे झाली. कुठे समुद्राच्या लाटा अडवणारी भिंत, कुठे कोकणात ज्याला खारबंधारा म्हणतात तसला, भातखाचरांत खारे पाणी शिरू न देणारा बांध. त्या बांधात कुठेतरी सह्याद्रीवरच्या वाऱ्याचाही वाटा असणार.

मग बाजार कोसळला. २००८ मध्ये वीस युरोंच्या वर गेलेला दाखला २०१२ च्या अखेरीस एका युरोलाही जाईना. युरोपात मंदी आली होती, दाखल्यांचा सुकाळ झाला होता आणि क्योटो कराराचा जीव गेला होता. स्वतःच्या उत्पन्नावर जगणारा हा निधी तेव्हापासून दरवर्षीच्या हवामान परिषदेच्या दारात वर्गणी मागत उभा राहू लागला. ही व्यवस्था टिकली असती तर पुढचे पुष्कळ भांडण वाचले असते, असे माझे मत आहे. देणाऱ्याच्या वहीत न शिरता आलेला तो एकच पैसा होता.

भारतात या निधीची वाट मुंबईतून जाते. वांद्रे-कुर्ला संकुलातील नाबार्डला २०१२ मध्ये त्याची राष्ट्रीय संस्था म्हणून मान्यता मिळाली. आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यात स्वामिनाथन फाउंडेशनने खारफुटी पुन्हा लावण्याचे काम केले, बंगालच्या पुरुलिया-बांकुरात छोट्या शेतकऱ्यांसाठी प्रकल्प झाला, उत्तराखंडच्या डोंगरी शेतकऱ्यांमध्ये पुण्याच्या बाएफ संस्थेने काम केले. सगळे या निधीतून. कामे चांगली, पण आकार पाहा. एका देशाला मिळून एक कोटी डॉलरच्या वर द्यायचे नाहीत, अशी मर्यादा कित्येक वर्षे होती. २०२१ मध्ये ती दुप्पट झाली. मर्यादा सगळ्यांना सारखी, मग देश अकरा हजार वस्तीचा असो वा एकशेचाळीस कोटींचा. जुन्या मर्यादेने भारताच्या वाट्याला माणशी साठ पैशांच्या आसपास येतात, आणि तेही वर्षाला नव्हे, एकदाच.

आता मोठ्या आकड्याकडे वळू. डिसेंबर २००९, कोपनहेगन. परिषद मोडण्याच्या बेतात होती. तेव्हाच्या अमेरिकी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी येऊन जाहीर केले, की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याच्या प्रयत्नात अमेरिका सामील होईल. हा आकडा त्याआधी त्याच वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी मांडला होता. कोणत्या देशाला किती बांध लागतील, किती विहिरी, किती निवारे, अशा कुठल्याही गरजेच्या बेरजेतून तो आला नव्हता. तो गोल होता, लक्षात राहण्यासारखा होता आणि त्याने त्या रात्रीची बोलणी वाचवली. त्यातली खुबी तपशिलात होती. पैसा ‘उभा’ करायचा होता, म्हणजे सरकारी आणि खाजगी दोन्ही चालेल. तो ‘नवा आणि जादा’ असेल असे लिहिले होते, पण कशापेक्षा जादा ते लिहिले नव्हते. एखाद्या देशाने शाळा-दवाखान्यांची मदत कमी करून तोच पैसा हवामानाच्या नावे लिहिला, तर त्याला हटकणार कोण?

हटकले ते भारताने. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०१५ मध्ये अहवाल काढला : २०१३ आणि २०१४ मध्ये वर्षाला सरासरी ५७ अब्ज डॉलर दिले गेले. पॅरिस परिषदेच्या तोंडावर आपल्या अर्थ मंत्रालयाने एक टिपण प्रसिद्ध करून विचारले, की यातले प्रत्यक्ष हातावर पडले किती? आश्वासन म्हणजे पैसा नव्हे, बाजारभावाचे कर्ज म्हणजे मदत नव्हे, आणि जुनी मदत नव्या पाकिटात घातली म्हणून ती नवी होत नाही. ही सगळी वजाबाकी केल्यावर मंत्रालयाच्या हातात २.२ अब्ज उरले. सत्तावन्न कुठे आणि सव्वादोन कुठे! कोणाला वाटेल भारताने फारच कडक चाळण लावली, आणि तसे म्हणायला जागाही आहे. पण दोन हुशार हिशेबनीस एकाच व्यवहाराबद्दल पंचवीस पटींनी वेगळे आकडे सांगत असतील, तर दोष आकडेमोडीत नसतो, व्याख्येत असतो.

शंभर अब्जांचा टप्पा शेवटी २०२२ मध्ये, दोन वर्षे उशिरा गाठला गेला. ओईसीडीच्या हिशेबाने त्या वर्षी ११५.९ अब्ज डॉलर झाले आणि त्यांतले अनुकूलनासाठी ३२.४ अब्ज. त्याच वर्षाचा अनुकूलनाचा सरकारी पैसा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मोजला तो सुमारे २८ अब्ज. मोजपट्टी वेगळी, म्हणून आकडा वेगळा. दोन्हींपेक्षा महत्त्वाची बाब अशी, की त्या वर्षीच्या एकूण सरकारी हवामान-पैशापैकी सुमारे ६९ टक्के कर्ज होते आणि अनुदान जेमतेम २८ टक्के. वहीत मात्र कर्जाची पूर्ण रक्कम चढते. उद्या ती व्याजासह परत येणार आहे हे तिथे दिसत नाही. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २०२० सालच्या ८३.३ अब्जांतून अशा गोष्टी वगळून पाहिल्या, तेव्हा खऱ्या मदतीची किंमत २१ ते २४.५ अब्ज निघाली.

कर्जाखेरीज आणखी एक पळवाट आहे, ती अनुकूलनाच्या खात्यात फार वापरली जाते. विकास-मदतीच्या प्रत्येक प्रकल्पावर दाता देश एक खूण करतो : अनुकूलन हा या प्रकल्पाचा मुख्य हेतू आहे, की अनेकांपैकी एक. समजा, एका देशात शंभर कोटींचा रस्ता बांधला आणि पुराचा विचार करून त्याच्या मोऱ्या थोड्या मोठ्या केल्या. ‘अनेकांपैकी एक हेतू’ अशी खूण पडली. आता मोजायचे किती? काही देश तीस-चाळीस टक्के मोजतात, काही अर्धे, आणि काही सगळा रस्ताच अनुकूलनात घालतात. मोऱ्यांवरचा वाढीव खर्च तेवढाच मोजावा, हे सुचायला अवघड नाही. सोयीचे मात्र नाही.

इतके वाचून असे वाटेल, की सगळाच पैसा कागदावर फिरतो. तसे नाही. तुवालूकडे पाहू. प्रशांत महासागरातला हा नऊ बेटांचा देश; सगळी मिळून वस्ती सुमारे अकरा हजार, आणि जमीन समुद्रापासून दोन-तीन मीटर उंच. दक्षिण कोरियातील सोंगडो येथे मुख्यालय असलेल्या ग्रीन क्लायमेट फंडाने २०१६ मध्ये तुवालूला ३ कोटी ६० लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. कर्ज नव्हे, अनुदान. त्यातून दोन बाहेरच्या बेटांवर किनारा-संरक्षणाची कामे ठरली, आणि राजधानी फुनाफुतीत चक्क जमीन तयार करायची ठरली. बेटाच्या आतल्या उथळ खाडीतून वाळू उपसली, जाड विणलेल्या कापडाच्या प्रचंड थैल्यांत भरून तिचा काठ रचला, आणि आत भराव घातला. २०२३ च्या अखेरीस सुमारे ७८० मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद असा जमिनीचा पट्टा उभा राहिला. या शतकाच्या अखेरीनंतरही तो पाण्यावर राहील अशी त्याची उंची धरली आहे. आपल्याकडच्या हिशेबाने जेमतेम अठरा-एकोणीस एकर. पण ज्या देशात भरतीचे पाणी घरांच्या जमिनीतून वर येते, तिथे हे अठरा एकर म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. कोपनहेगनच्या घोषणेपासून या जमिनीपर्यंत चौदा वर्षे गेली. मंजुरीपासून मोजली तरी सात.

हाच फंड आपल्या किनाऱ्यावरही आला आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बहरीनमधल्या बैठकीत महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर झाले. प्रकल्प एकूण तेरा कोटी डॉलरचा. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा बाहेरून आणि उरलेले दोन हिस्से आपल्याच सरकारांच्या तिजोऱ्यांतून. महाराष्ट्रात हे काम वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या हाती. यामागची कल्पना सिंधुदुर्गच्या खाडीकाठच्या माणसाला नव्याने शिकवावी लागत नाही : कांदळवन राहिले तर लाट अडते, माती राहते, चिंबोरी राहते. कांदळवनाच्या आधाराने खेकडापालन करायचे, म्हणजे झाड तोडण्यापेक्षा ठेवण्यात घरच्या बाईच्या हातात चार पैसे पडावेत. बांध घालण्यापेक्षा हे स्वस्त आणि अनेक ठिकाणी टिकाऊही. फक्त कांदळवन वाढायला वर्षे लागतात आणि प्रकल्पांची मुदत त्याआधी संपते.

आता मराठवाडा-विदर्भात येऊ. इथला पैसा आकाराने कितीतरी मोठा, पण जात वेगळी. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, सगळे त्याला ‘पोकरा’ म्हणतात. २०१८ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलर दिले आणि उरलेला साधारण तीस टक्के भार राज्याने उचलला. सुरुवातीला पंधरा जिल्हे, पाच हजारांवर गावे. प्रकल्पाच्या इंग्रजी नावातच हवामान आहे, आणि कामेही बरीचशी नमुनेदार अनुकूलनाची. सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरायचे. मोठा पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जाते, उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते. एकाच पेरणीत दोन्ही संकटांची सोय. अकोला, अमरावती, बुलढाणा भागातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही; तिथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरून ऐन फुलोऱ्यात एक-दोन पाणी देता आले तर पीक हाती लागते. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी मुंबईच्या आयआयटीची मदत घेतली गेली. अर्ज ऑनलाइन, अनुदान थेट खात्यात. यातली मेख ज्याने अर्ज केला त्याला विचारावी : आधी पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून काम, मग बिले, मग मोका तपासणी आणि मग पैसे. ज्याच्याजवळ सुरुवातीचा पैसा नाही त्याला तो सावकाराकडून किंवा दुकानदाराकडून उचलावा लागतो, नाहीतर अर्जच करायचा नाही. अनुकूलनाची सर्वांत जास्त गरज असलेला माणूस अशा वेळी रांगेतून गळतो.

पण आपला विषय वरच्या टोकाचा आहे. हे ४२ कोटी डॉलर कर्ज आहेत. ते फेडायचे आहेत, आणि डॉलरच्या हिशेबाने फेडायचे आहेत. करार झाला तेव्हा डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. तो ८५ च्या पुढे गेला. रुपया घसरला की फेडीचा बोजा घेणाऱ्याच्या बाजूला वाढतो, देणाऱ्याच्या बाजूला काही हलत नाही. मला पोकराबद्दल तक्रार करायची नाही. असे कर्ज काढून शेततळी केली, हे कर्ज काढून दुसरे काही करण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. तक्रार ही, की यवतमाळच्या शेतकऱ्याने हवा बिघडवली नाही, तिच्या परिणामापासून वाचण्यासाठीचे कर्ज मात्र त्याच्या राज्याने फेडायचे, आणि विकास बँकांच्या अशा कर्जांतला हवामानाचा भाग भागधारक श्रीमंत देशांच्या शंभर अब्जांच्या बेरजेत धरला जायचा.

भारत निदान कर्ज पचवू शकतो. ज्या देशांची तिजोरी आधीच कर्जाच्या हप्त्यांनी रिकामी आहे, त्यांना एका चक्रीवादळानंतर घरे उभी करायला कर्ज काढावे लागते आणि ते फिटण्याआधी दुसरे वादळ येते. अशा देशाला अनुकूलनासाठी कर्ज देणे ही मदत आहे असे म्हणायला बराच निर्ढावलेपणा लागतो.

देणाऱ्यांचीही एक बाजू आहे, आणि ती सरसकट झटकून टाकण्यासारखी नाही. पैसा पुढाऱ्यांच्या खिशात जाईल, कंत्राटदार खातील, हिशेब मिळणार नाहीत, अशी त्यांची धास्ती असते, आणि ती प्रत्येक वेळी खोटी ठरत नाही. पण त्या धास्तीपोटी अर्जांचा इतका डोंगर रचला जातो, की एखाद्या छोट्या देशाच्या खात्यातले चार अधिकारी वर्षभर अर्जच भरत बसतात. हवामान बदलाचा नेमका किती वाटा या पुरात आहे ते सिद्ध करा, असे विचारले जाते. जिथे पर्जन्यमापक धड नाहीत तिथे तीस वर्षांच्या पावसाची आकडेवारी मागितली जाते. शेवटी अर्ज लिहायला परदेशी सल्लागार नेमावा लागतो आणि पैशातला एक तुकडा तिथेच परत जातो.

आणि आपलीही वही फार स्वच्छ आहे असे नाही. २०२१-२२ मध्ये देशाच्या सकल उत्पन्नाच्या ५.६ टक्के रक्कम अनुकूलनावर खर्च झाली, असे भारताने जगाला कळवले आहे. २०१५-१६ मध्ये ती ३.७ टक्के होती. हा आकडा वाचून छाती फुगते. पण इतका मोठा आकडा सिंचन, शेती, आरोग्य, रोजगार अशा नेहमीच्या विकासखर्चातला मोठा भाग अनुकूलनात धरल्याशिवाय होत नाही. दुसरीकडे, खास हवामान अनुकूलनाच्या नावाने २०१५ मध्ये काढलेल्या राष्ट्रीय निधीची सुरुवातीची तरतूद ३५० कोटी रुपयांची होती. सगळा रस्ता अनुकूलनात धरणाऱ्या दात्याला आपण हसलो. मग सगळी योजनाच अनुकूलनात धरणाऱ्या आपल्या हिशेबालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. विकास आणि अनुकूलन यांची सीमा खरोखरच धूसर आहे, हे मान्य. म्हणूनच ती सोयीनुसार सरकवता येते.

गरज किती? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार विकसनशील देशांना २०३५ च्या सुमारास अनुकूलनासाठी वर्षाला ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील. २०२३ मध्ये प्रत्यक्षात आलेला आंतरराष्ट्रीय सरकारी पैसा होता २६ अब्ज. म्हणजे बारा ते चौदा पटींची दरी, आणि आदल्या वर्षीच्या २८ अब्जांपेक्षा तो दोन अब्जांनी कमीच. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत ठरले होते, की २०२५ पर्यंत अनुकूलनाचा पैसा २०१९ च्या दुप्पट, सुमारे ४० अब्ज करायचा. ही चाल पाहता ते वचनही पाळले जाण्याची चिन्हे नाहीत. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्थाच गुंडाळली. युरोपातले देश संरक्षणखर्च वाढवण्यासाठी मदतीला कात्री लावत आहेत.

शंभर अब्जांच्या जागी नवा आकडा ठरवण्यासाठी २०२४ मध्ये बाकूला परिषद भरली. विकसनशील देशांची मागणी हजार अब्जांहून जास्तीची होती. श्रीमंत देश पुढाकार घेऊन २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज उभे करतील, असे ठरले. भारताला बोलायचे होते, त्याआधीच अध्यक्षांनी हातोडा मारला. नंतर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्या दस्तऐवजाला दृष्टिभ्रम म्हटले आणि भारताचा विरोध नोंदवला. त्या तीनशेत विकास बँकांची कर्जे धरलेली आहेत, आणि अनुकूलनासाठी वेगळा वाटा राखून ठेवलेला नाही.

पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या बेलेम इथे गरीब देशांनी तो वाटा मागितला. तिथल्या ठरावात अनुकूलनाचा पैसा २०३५ पर्यंत किमान तिप्पट करण्यासाठी प्रयत्न व्हावेत, असे आवाहन आहे. तिप्पट म्हणजे कोणत्या वर्षाच्या तिप्पट, हे ठरावात स्पष्ट लिहिलेले नाही.